लेकरू रडायलंय, काहीतरी द्या! बाळगुटी, बाळागोळी आणि ग्राइप वॉटरची गोष्ट

ज्यांना हेडफोन लावायला जमत नाही, ज्यांच्या मांडीवर आत्ता कुणीतरी झोपलंय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे आजचा भाग लिहून देतोय. आणि आजचा भाग खरंतर तुमच्यासाठीच आहे.

सुरुवात नांदेडपासून. माझ्या बहिणीचं लेकरू पाच आठवड्यांचं झालं आणि घरात एक टाइमटेबल सुरू झालं. संध्याकाळी साडेसहा वाजले की रडणं चालू. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, चेहरा लालभडक. दूध पाजलं, लंगोट बदलला, पंखा लावला, पंखा बंद केला. फरक शून्य. रात्री दहा-साडेदहाला आपोआप थांबणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेसहा.

मी तिथं चार दिवस होतो. त्या चार दिवसांत घरात आलेले सल्ले मी मोबाइलमध्ये टिपून ठेवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिष्ट लागली आसंल, मीठ-मोहऱ्या उतरून टाका." माझी आई म्हणाली, पोटावर हिंगाचं पाणी लाव. लातूरहून आलेल्या आत्यानं पर्समधून बाळगुटीची पुडीच काढली. भावजी ग्राइप वॉटर घेऊन आले. एक जण म्हणाले, दर्ग्यावरून फुंकर मारून आणू, ताईत बांधू. आणि आमची आज्जी, वय ऐंशीच्या पुढं, खाटेवरून म्हणाली, "माय, सटवाई खेळवायलीय त्याला. हसवती बी तीच, रडवती बी तीच."

सगळ्यांचं वाक्य मात्र एकच होतं: "लेकरू लई रडायलंय, काहीतरी द्या."

हे "काहीतरी" काय असतं, ते कुठून आलं, आणि ते नेमकं कुणासाठी असतं? हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो आणि लातूरच्या बाजारातून थेट इंग्लंडला, तिथून मुंबईच्या गिरणगावात पोचलो.

पुडीत काय होतं

आधी आत्याची पुडी. लातूरला गंजगोलाईत गेलात, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, तर तिथल्या बाजारात कुणालाही विचारा, काष्टौषधींचं दुकान दाखवतील. बाळगुटी म्हटलं की दुकानदार न विचारता मोजायला लागतो: मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, अतिविष, नागरमोथा, काकडशिंगी, आणि वर बदाम-खारीक. घरोघरी यादी थोडी बदलते. सहाणेवर दुधात किंवा पाण्यात एकेक जिन्नस उगाळायचा. माप चमच्याचं नाही, वळशांचं. वेखंडाचा एक वळसा, हळकुंडाचे दोन. बाळाचं वय वाढेल तसे वळसे वाढवायचे.

यातली मुरुडशेंग हातात घेऊन बघा. दोरी पिळावी तशी पिळलेली शेंग. आतड्यात पीळ पडल्यासारखं दुखतं त्याला आपण मुरडा म्हणतो, आणि औषध म्हणून हीच पिळलेली शेंग. आजार जसा दिसतो तसंच औषध शोधायचं, ही जुनी रीत जगभर सापडते. त्याचा अर्थ शेंग बिनकामाची असा नाही. पण लोकांनी ती का निवडली असावी, याची एक खूण तिच्या आकारात आहे.

दुसरी वस्तू पुडीत नव्हती, बहिणीच्या ताटात होती: बाळंतशेप. जेवण झालं की ओवा, तीळ, खोबरं यांच्यासोबत भाजलेली बाळंतशेप चघळायची. बाळंतिणीला द्यायची म्हणून नावच बाळंतशेप. आईचं पोट हलकं राहिलं की बाळाचंही राहील, हा हिशोब. आपण शेपूची भाजी खातो, त्याच्याच जातीचं हे बी. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा लागणार आहे.

यात एक गोष्ट मला आवडली. आयुर्वेदात बालरोगावरचा एक जुना ग्रंथ आहे, काश्यपसंहिता. कित्येक शतकं तो जवळपास हरवलेला होता. नेपाळमध्ये मिळालेल्या पोथीवरून १९३८ मध्ये तो छापला गेला. त्यात 'वेदनाध्याय' नावाचा एक अख्खा अध्याय आहे. विषय असा: जे लेकरू बोलू शकत नाही त्याचं काय दुखतंय हे ओळखायचं कसं? पोट दुखत असेल तर ते स्तन नाकारतं, रडतं, पोट ताठ लागतं, अंग गार पडतं, तोंडावर घाम येतो, अशी लक्षणं तिथं दिली आहेत. म्हणजे काय द्यायचं हा प्रश्न नंतरचा. पहिलं काम बघत बसण्याचं. हे काम सगळ्यात कंटाळवाणं असतं आणि त्याला वेळ लागतो.

नॉटिंगहॅमची बाटली

आता भावजींची बाटली. १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं ग्राइप वॉटर बाजारात आणलं. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात तेव्हा हिवतापासारखा एक ताप असायचा. त्यावर मुलांना जे औषध दिलं जायचं त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असं त्याचा इतिहास लिहिणारे सांगतात. १८७६ मध्ये 'ग्राइप वॉटर' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं गेलं. ग्राइप म्हणजे आपला मुरडाच.

त्या बाटलीत काय होतं? खायचा सोडा, साखर, पाणी आणि शेपूच्या बियांचं तेल. हो, तीच बाळंतशेप! आमच्या घरात एका बाजूला भावजी आणि दुसऱ्या बाजूला आत्या, "विलायती का गावठी" म्हणून भांडत होते, आणि दोघांच्या हातात एकच बी होतं.

पण जुन्या बाटलीत आणखी एक गोष्ट होती. मूळ कृतीत ३.६ टक्के अल्कोहोल होतं. आता हिशोब करा. चार-पाच किलोचं लेकरू, त्याला दिवसातून काही वेळा गोड आणि थोडी दारू असलेलं पाणी. ते शांत होणारच की! साखरेची चव जिभेला लागली तरी लहान बाळ थोडा वेळ गप्प होतं, हे आज डॉक्टरही मानतात. ब्रिटनमध्ये हे अल्कोहोल पूर्णपणे निघायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. आज आपल्याकडे दुकानात मिळतं ते अल्कोहोलशिवायचं असतं.

भारतात ही बाटली घराघरात पोचली त्यात जाहिरातीचाही वाटा आहे. तुमच्या आई-बाबांना विचारा, दूरदर्शनवरची ती जाहिरात त्यांना आठवेल: बाळ रडतंय, आणि घरातल्या बायका पिढी दर पिढी एकच सांगतात की तू लहान असताना मीही तुला हेच दिलं होतं. कंपनीनं आज्जीची जागा बरोबर ओळखली होती. औषध विकायचं तर डॉक्टरपेक्षा आज्जीच्या तोंडून.

गिरणगावची गोळी

आता जरा जड भाग येतोय.

गेल्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई. परळ, लालबाग, गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेली कुटुंबं चाळीतल्या एकेका खोलीत. हजारो बाया गिरणीत कामाला. कायद्यानंच बाईला दिवसाचं ११ तासांपर्यंत काम मान्य होतं. बाळंत झाल्यावर घरी बसलं की मजुरी बंद. मग दोन-तीन महिन्यांचं लेकरू दिवसभर सांभाळायचं कुणी?

१९२२ मध्ये डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंनी सरकारसाठी मुंबईतल्या कामकरी स्त्रियांच्या परिस्थितीची पाहणी केली. त्यांनी लिहिलेला एक आकडा वाचून मी फोन बाजूला ठेवला. कारखान्यांत काम करणाऱ्या बायांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं.

शंभरातली अठ्ठ्याण्णव. गोळीचं नाव होतं बाळागोळी.

अफूनं लेकरू झोपतं हे खरं. अफू आतड्याची हालचालही मंद करते, त्यामुळे मुरडा आणि जुलाबसुद्धा थांबल्यासारखे वाटतात. म्हणजे आईच्या डोळ्यांना औषध लागू पडताना दिसायचं. पण गुंगीतलं लेकरू भूक लागली तरी रडत नाही, नीट ओढून पीत नाही, आणि हळूहळू वाळत जातं. मात्रा जरा जास्त झाली की श्वासच मंदावतो.

आता कुणी म्हणेल, अडाणी बाया होत्या. थांबा. त्याच्याही आधी इंग्लंडच्या गिरण्यांच्या शहरांत हेच चालू होतं. तिथं 'गॉडफ्रीज कॉर्डियल' नावाचं अफूचं सरबत बाळांना पाजत. अमेरिकेत 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' १८४९ पासून विकलं जायचं, छान चित्रांच्या जाहिराती, आणि आत मॉर्फिन. १९०६ च्या कायद्यानं बाटलीवर आतलं मॉर्फिन लिहायला लावलं, आणि १९११ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनं अशा औषधांना सरळ 'बाळांचे मारेकरी' म्हटलं. मँचेस्टरची बाई आणि परळची बाई एकमेकींना ओळखत नव्हत्या. दोघींच्या गळ्याला फास एकच होता: भोंगा वाजला की निघायचं, आणि लेकरू मागं ठेवायचं.

म्हणून मला वाटतं, बाळागोळीवर खरं औषध वैद्यानं नाही, विधिमंडळानं शोधलं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा तिथले सदस्य होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, असं सांगत त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला असा पहिला. मिळून सुमारे ७ आठवडे, दिवसाला ८ आणे.

कमीच होतं. बाळंतपणानंतर तर त्यातले चारच आठवडे उरायचे. आणि लेकराचं रडणं सगळ्यात जास्त कधी असतं? सहाव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे रडणं टिपेला पोचायचं तेव्हा आई परत साच्यावर उभी.

आणि आपलं नांदेड, लातूर? हा कायदा मुंबई प्रांताचा. आपण होतो निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली, तिचाही भोंगा गावभर ऐकू जायचा, पण मुंबईचा कायदा गोदावरीपर्यंत पोचत नव्हता. आपण भारतात आलो १७ सप्टेंबर १९४८ ला. प्रसूती लाभाचा देशभराचा कायदा झाला १९६१ मध्ये.

बिब्बा आणि चटका

एक गोष्ट मी आज्जीला विचारली. तिच्या भावाच्या पोटावर बेंबीशेजारी काळे डाग होते, ते कसले? ती म्हणाली, "बिब्ब्याचे. लई रडायचा म्हणून दिले होते."

बिब्बा म्हणजे ते काळं फळ, ज्याच्या तेलानं पूर्वी कपड्यांवर न पुसणारी खूण करायचे. ते तेल कातडीला लागलं की फोड येतात. मोठ्या माणसाची कातडी सोलवटते, तर लेकराचं काय होत असेल. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या अजूनही येतात.

यामागचा विचार समजून घेऊ, कारण नुसतं हसून किंवा चिडून तो जात नाही. चटका दिल्यावर बाळ आधी किंचाळतं, मग दमून झोपतं. घरच्यांना वाटतं, उतरलं. शिवाय असं रडणं तीन-चार महिन्यांत स्वतःहून कमी होतंच. त्यामुळे शेवटी जे केलं त्याला श्रेय मिळतं. चटका शेवटचा असेल तर चटक्याला, ताईत शेवटचा असेल तर ताईताला, बाटली शेवटची असेल तर बाटलीला. दृष्ट काढल्यानं लेकराला इजा होत नाही, चटक्यानं होते, हा फरक मात्र जीवावरचा आहे.

तीनाचा नियम

मग डॉक्टर काय म्हणतात? १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मॉरिस वेसल या बालरोगतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक व्याख्या केली. बाकी धडधाकट असलेलं बाळ दिवसात ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त आणि ३ आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल तर त्याला कॉलिक म्हणायचं. १९६२ मध्ये टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांकडून रडण्याची डायरी ठेवून घेतली. दिसलं असं, की निरोगी बाळसुद्धा सहाव्या आठवड्याला दिवसात साधारण पावणेतीन तास रडतं, जास्त करून संध्याकाळी, आणि मग रडणं उतरत जातं.

बहिणीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती रडायलाच लागली. म्हणाली, "म्हणजे माझं दूध वाईट नाही ना?" महिनाभर कुणी ना कुणी तिला ऐकवत होतं: तू काहीतरी खाल्लं असशील.

१९८६ मध्ये कॅनडात एक प्रयोग झाला. काही आयांना सांगितलं, बाळ रडत नसलं तरी दिवसातून निदान ३ तास त्याला अंगाशी घेऊन फिरवा. सहाव्या आठवड्याला ती बाळं दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्के कमी रडली. आधीच खूप रडणाऱ्या, कॉलिकच्या बाळांना याचा तितका फायदा होत नाही असं पुढं दिसलं, म्हणून हाही रामबाण नाही. पण बघा, लुगड्याची झोळी, पायावर आडवं घालून चोळलेलं तेल, खांद्यावर टाकून अंगणात मारलेल्या फेऱ्या, यात आपल्या आज्ज्यांना कुणाकडून शिकायची गरज नव्हती.

पुडीबद्दल मात्र सावध राहा. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहाण नीट धुतलेली नसेल तर जुलाब. जायफळाचे वळसे वाढले तर गुंगी. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून लुळं पाडणारा आजार होऊ शकतो. आणि परदेशातल्या मित्रमंडळींसाठी: अमेरिकेतल्या आरोग्य खात्यांच्या, शिसं सापडलेल्या देशी औषधांच्या यादीत 'बाला गोली' हे नाव आहे. नाव तेच, विष वेगळं.

आणि हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप, हिरवी उलटी, शीतून रक्त, दूध घेणं बंद, टाळू फुगलेली, जांघेत गाठ, अंग ढिलं पडणं, किंवा रडण्याचा आवाजच वेगळा वाटणं, यातलं काहीही असेल तर ना पुडी, ना बाटली, ना अंगारा. तडक दवाखाना.

मग द्यायचं काय?

चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला रडणं सुरू झालं. आज्जी म्हणाली, "आण इकडं." तिनं लेकरू पालथं हातावर घेतलं, पोटाखाली तिचा सुरकुतलेला तळवा, आणि हलवत राहिली. गुणगुणत होती, शब्द नव्हतेच. वीस मिनिटांनी माझ्याकडं दिलं. मग भावजींकडं. मग शेजारच्या काकूंकडं. लेकरू गप्प झालं का? नाही. पावणेदहापर्यंत थांबून थांबून रडलंच. पण त्या तीन तासांत बहीण आतल्या खोलीत झोपली. महिन्याभरात पहिल्यांदा सलग.

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला. "काहीतरी द्या" हे आपण लेकरासाठी म्हणतो, पण बऱ्याचदा ते आईसाठी असतं. ज्या घरात चार हात आहेत तिथं मीठ-मोहऱ्यांवर भागतं. जिथं कुणीच नाही तिथं बाळागोळी येते.

आणि असे हात नसलेल्या आया आजही आपल्याच जिल्ह्यांत आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. कोयता नवरा-बायकोचा, जोडीचा. फडाच्या कडेला झोळी बांधलेली, त्यात दोन महिन्यांचं लेकरू, राखायला सहा वर्षांची ताई. २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून कायद्यात आहे, पण ती ऑफिस-कारखान्यातल्या नोकरदार बाईला. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तर कामावर पाच लहान मुलं आली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची, अशी तरतूद होती. म्हणजे काय हवंय हे आपल्याला माहीत आहे. लिहूनही ठेवलं होतं. उसाच्या फडात ते पोचायचं बाकी आहे.

तर मंडळी, यंदा कुणाच्या बारशाला गेलात तर ग्राइप वॉटरची बाटली किंवा चांदीचा वाळा नेलात तरी हरकत नाही. पण एक संध्याकाळ द्या. साडेसहा ते साडेनऊ. लेकरू घ्या आणि आईला म्हणा, "जा, झोप."

तुमच्या घरी रडणाऱ्या लेकराला काय द्यायचे, कोणत्या वस्तूचे किती वळसे, ते आज्जीच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. आणि मांडीवरचं लेकरू उठलं असेल, तर जा आधी.